तरुणांचे अनौपचारिक शिक्षण : अक्षर आणि अंक (छत्रपती संभाजीनगर)

शाळा अर्धवट सुटलेल्या किंवा शाळेत कधीच न गेलेल्या, साधारण १५ ते ३५ वर्षांच्या तरुणांना शाळेबाहेर वाचन, लेखन व हिशेब शिकवण्याचे छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) परिसरातील काम. वर्गाची जागा, वेळ आणि गती शिकणाऱ्याच्या सोयीने ठरते, हे त्याचे मुख्य लक्षण.

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. कारभार आणि वरचे शिक्षण उर्दूत, घरची भाषा मराठी. खेड्यांत शाळाही विरळ. शहरात सरस्वती भुवन (१९१५) आणि पुढे डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय (१९५०) यांनी शिक्षणाची वाट रुंद केली, पण शेतात किंवा मजुरीवर गेलेल्यांपर्यंत ती पोहोचायला फार उशीर झाला. २०११च्या जनगणनेत जिल्ह्याची साक्षरता ७९.०२ टक्के होती : पुरुष ८७.३७, स्त्रिया ७०.०८. सतरा टक्क्यांची ही दरी पाहिली, की वर्ग प्रथम कोणासाठी हवेत हे वेगळे सांगावे लागत नाही.

साताऱ्यात १९५९ साली सुरू झालेली ग्रामशिक्षण मोहीम १९६१ पासून राज्यभर गेली. त्यानंतर राष्ट्रीय प्रौढ शिक्षण कार्यक्रम (१९७८) आणि राष्ट्रीय साक्षरता मिशन (१९८८) आले. प्रौढ शिक्षणाची पुस्तके तयार करणारी व कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देणारी महाराष्ट्रातील दोन राज्य संसाधन केंद्रे पुणे आणि औरंगाबाद येथे होती. मिशनचा अभ्यासक्रम तीन वाचनपाठांचा, सुमारे २०० तासांचा. मिनिटाला ३० शब्द मोठ्याने वाचणे, १ ते १०० अंक लिहिणे-वाचणे, तीन अंकी बेरीज-वजाबाकी आणि वजन, नाणी, अंतर, वेळ यांची व्यवहारापुरती मापे, अशा त्याच्या अपेक्षा होत्या.

या कामात अंकांची बाजू कायम मागे पडली, आणि ती तशी पडायचे कारण नव्हते. निरक्षर तरुणाला मोजता येत नाही, हा समजच चुकीचा आहे. ऊसतोडीची उचल किती फिटली, कापूस वेचणीचे किलोमागे किती झाले, बचत गटाचे व्याज किती, हे तो किंवा ती तोंडी काढते. पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे अपूर्णांक तर जिभेवरच असतात. अडते ते लिहिण्यात. ‘सत्तेचाळीस’ म्हणताना सात आधी ऐकू येतो, लिहिताना चार आधी लिहायचा. त्यामुळे ४७ ऐवजी ७४ सहज होतात. ‘एकोणऐंशी’ ऐकून तर सात कोठून आणायचा हेच कळत नाही. बालभारतीने २०१९ साली दुसरीच्या गणितात ‘सत्तर नऊ’ अशा पर्यायी वाचनाची सोय दिली, तेव्हा मोठा वाद झाला आणि गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर यांनी तिचे समर्थन केले. प्रौढांच्या वर्गाला ही सोय लहान मुलांइतकीच उपयोगी आहे. त्याहून साधे साधन म्हणजे नोटा : चार दहाच्या आणि सात सुटे रुपये मांडले, की स्थानिक किंमत समोर दिसते आणि वजाबाकीत हातचा घेणे म्हणजे दहाची नोट मोडणे, हे लगेच पटते.

वाचन न येणारे सगळेच कधी शाळेत न गेलेले नसतात. ‘असर’ या शैक्षणिक अहवालाच्या २०२३च्या पाहणीत ग्रामीण भारतातील १४ ते १८ वयाच्या सुमारे एक चतुर्थांश मुलामुलींना दुसरीच्या पातळीचा उतारा सलग वाचता आला नाही, तीन अंकी संख्येला एका अंकाने भागणे जमले ते ४३.३ टक्क्यांना. आठवी पास झालेल्याला पुन्हा बाराखडीच्या तक्त्यासमोर बसवायचे, तर त्याची लाज राखूनच बसवावे लागते. म्हणून वयाला साजेसा मजकूर हवा : एसटीचे वेळापत्रक, पगाराची पावती, औषधाची चिठ्ठी.

सध्या ‘उल्लास’ हा नवभारत साक्षरता कार्यक्रम (२०२२–२७) स्वयंसेवकांमार्फत चालतो. १५ वर्षांपुढील शिकणाऱ्यांची चाचणी १५० गुणांची असते. वाचन, लेखन व संख्याज्ञान यांना प्रत्येकी ५० गुण, उत्तीर्ण होण्यास ३३ टक्के. २०२४ साली महाराष्ट्रात ती १७ मार्च रोजी झाली. एवढ्या गुणांवर मिळालेले प्रमाणपत्र म्हणजे सुरुवात; पुढे वाचायला काही मिळाले नाही, तर अक्षर पुन्हा पुसले जाते. पुढची पायरी दहावीची. १७ नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून परीक्षा देता येते. संभाजीनगर, जालना, बीड, परभणी आणि हिंगोली या जिल्ह्यांचे विभागीय मंडळ याच शहरात आहे. ‘प्रथम’ या संस्थेचा ‘सेकंड चान्स’ कार्यक्रम (२०११) शाळा सुटलेल्या मुली-स्त्रियांना याच परीक्षेपर्यंत नेतो आणि अभ्यासक्रमाआधी पायाभूत तयारी करून घेतो.

शहराच्या वाळूज आणि चिकलठाणा या औद्योगिक वसाहतींत पाळी बदलली की वर्गाची वेळही बदलावी लागते. जुन्या शहरातील मोहल्ल्यांत घरची भाषा बहुधा उर्दू किंवा दखनी. उर्दू उजवीकडून डावीकडे लिहितात, पण तिच्यातील संख्या मराठीप्रमाणेच डावीकडून उजवीकडे. ‘सवा’, ‘डेढ’, ‘ढाई’ हे शब्दही सव्वा, दीड, अडीचचे सख्खे भाऊ. मिश्र वस्तीतला वर्ग अक्षरांऐवजी अंकांपासून सुरू करणे म्हणूनच सोयीचे.