कॅपिटल अक्षरे, इंग्रजी लेखनातील

कॅपिटल अक्षरे, इंग्रजी लेखनातील : वाक्याचा आरंभ, विशेषनामे, प्रथमपुरुषी एकवचनी सर्वनाम इ. ठिकाणी इंग्रजी लेखनात योजली जाणारी मोठी अक्षरे. रोमन वर्णमालेतील २६ वर्णांपैकी प्रत्येकाची मोठे व लहान अशी दोन रूपे प्रचारात आहेत. रूप बदलले, तरी वर्णाचा उच्चार बदलत नाही. ‘कॅपिटल’ हा शब्द ‘डोके’ या अर्थाच्या लॅटिन शब्दापासून आला. मुद्रणव्यवसायात या अक्षरांना ‘अपरकेस’ व लहान अक्षरांना ‘लोअरकेस’ म्हणतात. कारण खिळे ठेवण्याच्या दोन पेट्यांपैकी वरच्या पेटीत मोठ्या व खालच्या पेटीत लहान अक्षरांचे खिळे ठेवण्याची पद्धत होती. जगातील बहुसंख्य लिप्यांत हा भेद आढळत नाही. रोमन, ग्रीक, सिरिलिक व आर्मेनियन या तो असणाऱ्या प्रमुख लिप्या होत. देवनागरी, मोडी, अरबी वा चिनी लेखनात तो नाही. त्यामुळे मराठी विद्यार्थ्याला इंग्रजी लिहिताना केवळ आणखी २६ आकृत्या शिकून भागत नाही. समोरचा शब्द विशेषनाम आहे की सामान्यनाम, हा व्याकरणाचा प्रश्न त्याला टाक उचलण्यापूर्वीच सोडवावा लागतो. मराठीत ‘विजय झाला’ आणि ‘विजय आला’ या वाक्यांतील फरक वाचणाऱ्याने संदर्भावरून ओळखायचा असतो. इंग्रजीत ती जबाबदारी लिहिणाऱ्यावर टाकलेली आहे.

ही दोन रूपे मुळात एकाच लिपीचे दोन भाग म्हणून निर्माण झालेली नाहीत. ती निरनिराळ्या काळांतील दोन वळणे आहेत. प्राचीन रोममध्ये आजच्या मोठ्या अक्षरांसारखीच अक्षरे दगडावर कोरली जात. रोममधील ट्रेजन स्तंभाच्या पायथ्याशी असलेला इ. स. ११३ मधील लेख हा त्यांचा सर्वोत्कृष्ट नमुना मानला जातो. त्या लेखात पहिले अक्षर आणि इतर अक्षरे असा दर्जाचा भेद नाही, कारण भेद दाखविण्यास दुसरे रूपच नव्हते. पुढील शतकांत चर्मपत्रावर लिहिताना अक्षरांना गोलाई आली व ‘अन्शियल’ नावाचे वळण रूढ झाले. रोजच्या व्यवहारातील जलद लेखनातून अक्षरांच्या रेषा ओळीच्या वर व खाली जाऊ लागल्या आणि लहान अक्षरांची घडण हळूहळू तयार होत गेली. फ्रँकांचा राजा शार्लमेन (कार. ७६८–८१४) याच्या राज्यात धर्मग्रंथांच्या शुद्ध प्रती करण्याची मोहीम निघाली, तीतून ‘कॅरोलिंजियन’ हे सुवाच्य लहान वळण स्थिर झाले. या मोहिमेचा एक प्रमुख सूत्रधार, इंग्लंडमधील यॉर्क येथे शिकलेला विद्वान ॲल्क्विन, हा ७९६ पासून तूर येथील मठाचा प्रमुख होता. तेथील हस्तलिखितांत शीर्षक जुन्या रोमन अक्षरांत, आरंभीच्या ओळी अन्शियलमध्ये व पुढील मजकूर लहान वळणात, अशी उतरती श्रेणी दिसते. जुने वळण ते मानाचे वळण, ही समजूत येथे रुजली. वाक्याच्या आरंभी त्या जुन्या वळणाचे एखादे अक्षर ठेवण्याची प्रथाही या काळात पसरली.

मध्ययुगाच्या उत्तरार्धात गॉथिक नावाने ओळखले जाणारे दाट, उभ्या रेषांचे वळण यूरोपभर चालू होते. त्यात लहान ‘आय’ म्हणजे एक आखूड उभी रेघ. लहान ‘एम’, ‘एन’ व ‘यू’ ही अक्षरेही तशाच रेघांची बनलेली असल्याने एकटी रेघ शेजारच्या शब्दांत हरवून जाई. जुन्या इंग्रजीतील ‘मी’ या अर्थाचा शब्द ‘इच्’ असा व्यंजनान्त होता. तेराव्या शतकापासून त्याचे अंत्य व्यंजन लोप पावून एकच स्वराक्षर उरले. ते वाचकाच्या नजरेतून निसटू नये म्हणून लेखनिक त्याला उंच करू लागले आणि चौदाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत ही रीत बरीच रूढ झाली. इंग्रजांच्या अहंभावामुळे त्यांचा ‘मी’ मोठा लिहिला जातो, असे विनोदाने म्हटले जाते. परंतु कारण मनोवृत्तीचे नसून अक्षरवळणाचे आहे. जर्मन भाषेत ‘मी’ लहान अक्षराने व आदरार्थी ‘आपण’ मोठ्या अक्षराने लिहितात, यावरूनही जर्मन माणूस इंग्रजापेक्षा नम्र असल्याचा निष्कर्ष काढता येणार नाही.

आज दिसणारी जोडी पंधराव्या शतकातील इटलीत पक्की झाली. पॉद्जो ब्रात्चोलीनी (१३८०–१४५९) व त्याच्या फ्लॉरेन्समधील वर्तुळातील मानवतावादी विद्वानांनी गॉथिक वळण टाकून कॅरोलिंजियन वळणाचे पुनरुज्जीवन केले. त्याला ते ‘प्राचीन अक्षर’ म्हणत. त्याच्या जोडीला मोठी अक्षरे मात्र त्यांनी रोमन कोरीव लेखांवरून घेतली. अशा रीतीने सु. सात शतकांचे अंतर असलेली दोन वळणे एका ओळीत आली. निकोलस जेन्सन याने व्हेनिस येथे १४७० मध्ये पाडलेल्या रोमन खिळ्यांनी ही जोडी मुद्रणात स्थिर केली. तथापि ती पूर्णपणे एकजीव झालेली नव्हती. व्हेनिसचाच मुद्रक आल्दुस मानुतियुस याने १५०१ मध्ये व्हर्जिलचे काव्य तिरप्या अक्षरांत छापले, तेव्हा लहान अक्षरे तिरपी व मोठी अक्षरे सरळ उभीच ठेवली होती.

इंग्लंडमध्ये विल्यम कॅक्स्टन याने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टर येथे मुद्रणालय काढले. त्याच्या व पुढील शतकातील मुद्रकांच्या ग्रंथांत मोठ्या अक्षरांच्या वापरात एकसूत्रीपणा नाही. शेक्सपिअरच्या नाटकांच्या १६२३ मधील संग्रहातही एकच नाम कोठे मोठ्या, तर कोठे लहान अक्षराने सुरू होते. सतराव्या शतकात मात्र महत्त्वाच्या वाटणाऱ्या सर्व नामांना मोठे आद्याक्षर देण्याची प्रवृत्ती वाढीस लागली. जोसेफ मॉक्सन याने आपल्या मुद्रणविषयक ग्रंथात (१६८३-८४) विशेष जोर द्यावयाच्या शब्दांसाठी तिरपी अक्षरे आणि प्रसंगी मोठे आद्याक्षर वापरण्याची रीत नोंदविली आहे. डॅनियल डीफोची रॉबिन्सन क्रूसो (१७१९) व जॉनथन स्विफ्टची गलिव्हर्स ट्रॅव्हल्स (१७२६) यांच्या पहिल्या आवृत्त्यांची पाने उघडली, म्हणजे जवळजवळ प्रत्येक नाम मोठ्या अक्षराने सुरू झालेले दिसते. इंग्रजी त्या वेळी जर्मनच्या वाटेने निघाली होती, असे म्हणावयास हरकत नाही.

ही वाट पुढे सोडून का दिली गेली, हा या इतिहासातील सर्वांत उद्‌बोधक भाग आहे. कोणत्याही राजाने वा विद्वत्सभेने तसा आदेश दिला नाही. इंग्रजीला फ्रेंचसारखी अकादमी कधीच नव्हती. जॉन स्मिथ याच्या मुद्रकांसाठी लिहिलेल्या व्याकरणात (१७५५) नामांना मोठी अक्षरे देण्याची जुनी पद्धत व ती न देण्याची नवी, नेटकी पद्धत, असे दोन्ही मार्ग सांगितले असून काम हाती घेण्यापूर्वी कोणती पद्धत पाळावयाची याची खात्री करून घेण्याचा सल्ला जुळाऱ्यांना दिला आहे. म्हणजे शतकाच्या मध्यास निवड खुली होती. शतकाअखेर ती उरली नाही. लिंडली मरी याने यॉर्कजवळ राहून लिहिलेल्या व्याकरणात (१७९५) ही जुनी चाल त्रासदायक होती व तिच्यामुळे पान गर्दीचे, गोंधळलेले दिसे म्हणून ती बंद पडली, असे कारण दिले आहे. वाक्यातील निम्मे शब्द मोठे केले, म्हणजे कोणताच शब्द मोठा राहत नाही, हेच त्यातील मर्म होय.

हा बदल सर्वांनाच रुचला नाही. स्वतः मुद्रक असलेल्या बेंजामिन फ्रँक्लिन याने २६ डिसेंबर १७८९ रोजी कोशकार नोआ वेब्स्टर याला लिहिलेल्या पत्रात नामांची मोठी अक्षरे गेल्याबद्दल खेद व्यक्त केला. इंग्रजीत एकच शब्द नाम व क्रियापद अशा दोन्ही रूपांत येतो. मोठ्या आद्याक्षरामुळे वाचकाला नाम तत्काळ ओळखता येई, असे त्याचे म्हणणे होते. युक्तिवाद सबळ होता, पण काळ उलटला होता. फ्रँक्लिनने स्वाक्षरी केलेल्या १७८७ च्या अमेरिकन संविधानाच्या मूळ प्रतीत बहुतेक नामे मोठ्या अक्षरांनी सुरू होतात. १७८९ च्या हक्कविषयक दुरुस्त्यांच्या मूळ प्रतीत ती संख्येने कमी आहेत. जर्मनमध्ये नामांची मोठी अक्षरे टिकली. याकोप ग्रिम याने त्यांना कडवा विरोध केला व विल्हेल्म या भावासह केलेल्या जर्मन शब्दकोशात (पहिला खंड १८५४) ती वगळलीही, तरी प्रथा हटली नाही. डॅनिश भाषेने तीच प्रथा १९४८ मध्ये सोडली.

मरीच्या व्याकरणातील नियम थोड्या फरकाने आजही शाळांतून शिकविले जातात. ग्रंथ, प्रकरण वा वाक्य यांचा पहिला शब्द, ईश्वरवाचक नामे, विशेषनामे, त्यांपासून साधलेली विशेषणे, ‘मी’ या अर्थाचे सर्वनाम, कवितेच्या ओळीचा पहिला शब्द आणि ग्रंथनामातील मुख्य शब्द यांचा त्यांत अंतर्भाव होतो. कवितेविषयीचा नियम विसाव्या शतकात अनेक कवींनी सोडून दिला. विशेषनामांचा नियम वरवर सोपा वाटतो, पण खरी अडचण त्यातच आहे. वारांची व महिन्यांची नावे मोठ्या अक्षराने लिहावयाची. ऋतूंची मात्र लहान. ‘नदी’ हा शब्द एकटा असता लहान, तोच नदीच्या नावाचा भाग झाला की मोठा. ‘आई’ ही हाक म्हणून वा नावाऐवजी आली तर मोठी. ‘माझी आई’ असे म्हटले की लहान. ‘मराठी’, ‘भारतीय’ ही विशेषणे इंग्रजीत मोठ्या अक्षराने लिहितात. फ्रेंचमध्ये अशी विशेषणे, तसेच वार व महिने लहान अक्षराने लिहितात. यावरून हे नियम तर्कशास्त्राचे नसून रूढीचे आहेत हे स्पष्ट होते. पदनामे व संस्थांची नावे यांबाबत इंग्रजी प्रकाशनसंस्थांतही एकमत नाही. ऑक्सफर्डच्या मुद्रणालयासाठी होरेस हार्ट याने १८९३ मध्ये केलेली नियमावली व शिकागो विद्यापीठाच्या मुद्रणालयाची १९०६ मधील नियमपुस्तिका यांसारख्या ग्रंथांची गरज त्यामुळेच भासली.

विशेषनाम कोणते, हे ठरविणे कधीकधी व्याकरणाच्या कक्षेबाहेर जाते. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांसाठी त्या काळी रूढ असलेला ‘नीग्रो’ हा शब्द गोऱ्यांची वृत्तपत्रे लहान अक्षराने छापीत. इतर समाजांची व राष्ट्रांची नावे मात्र मोठ्या अक्षराने छापली जात. समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस (१८६८–१९६३) यांनी द फिलाडेल्फिया नीग्रो (१८९९) या ग्रंथात तो मोठ्या अक्षराने लिहिला आणि ८० लक्ष अमेरिकन माणसे एका मोठ्या अक्षरास पात्र आहेत, अशा आशयाची तळटीप जोडली. या मागणीसाठी त्यांनी पुढे अनेक वर्षे पत्रव्यवहार केला. न्यूयॉर्क टाइम्सने ७ मार्च १९३० रोजी ती मान्य केली व हा केवळ मुद्रणातील फेरफार नसून एका समाजाच्या स्वाभिमानाची दखल आहे, असे आपल्या अग्रलेखात म्हटले. कालांतराने तो शब्दच मागे पडला. ‘ब्लॅक’ या त्याच्या जागी आलेल्या शब्दाबाबत तोच प्रश्न पुन्हा उद्भवला. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने जून २०२० मध्ये तो मोठ्या अक्षराने लिहिण्याचे ठरविले. ‘व्हाइट’ हा शब्द तिने लहानच ठेवला, तर वॉशिंग्टन पोस्टने दोन्ही शब्द मोठ्या अक्षरांनी लिहिण्याचे धोरण स्वीकारले.

यंत्रांनी या भेदावर निरनिराळे परिणाम केले. रेमिंग्टन कंपनीच्या १८७४ मधील पहिल्या टंकलेखन यंत्रात केवळ मोठी अक्षरे होती. दोन्ही रूपे देणारी ‘शिफ्ट’ कळ १८७८ च्या नमुन्यात आली. संगणकासाठीच्या १९६३ च्या ‘ॲस्की’ संकेतप्रणालीतही आरंभी मोठीच अक्षरे होती. लहान अक्षरे १९६७ च्या सुधारणेत समाविष्ट झाली व प्रत्येक जोडीतील संकेतांकांत ३२ चे अंतर ठेवण्यात आले. मोठ्या ‘ए’ चा अंक ६५ व लहान ‘ए’ चा ९७ आहे.

मराठीशी या विषयाचा संबंध दोन ठिकाणी येतो. मेजर टॉमस कँडी (१८०४–७७) यांच्या विरामचिन्हांची परिभाषा (१८५०) या पुस्तकाने इंग्रजी धर्तीची विरामचिन्हे मराठीत रुजण्यास साहाय्य झाले. पूर्णविराम आणि स्वल्पविराम मराठीने घेतले. वाक्यारंभाचे मोठे अक्षर घेण्यास देवनागरीत जागाच नव्हती. दुसरा संबंध लिप्यंतराचा आहे. फादर टॉमस स्टीफन्स यांचे क्रिस्तपुराण १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले, तेव्हापासून मराठीचे वर्ण रोमन अक्षरांत कसे बसवावयाचे हा प्रश्न चालत आला आहे. संगणकावर देवनागरी मजकूर लिहिण्यासाठी तयार झालेल्या हार्व्हर्ड-क्योटो या पद्धतीत ‘त’ साठी लहान ‘टी’ व ‘ट’ साठी मोठा ‘टी’, ‘न’ साठी लहान ‘एन’ व ‘ण’ साठी मोठा ‘एन’ वापरतात. इंग्रजीत उच्चाराशी काहीच संबंध नसलेल्या या भेदाला येथे मात्र उच्चार मिळाला असून अशा लेखनात वाक्याचा आरंभ वा विशेषनाम मोठ्या अक्षराने दाखविता येत नाही.