क्रीडावार्ताहराची कसोटी

मुंबईचे वर्तमानपत्र आगगाडीने भुसावळ ओलांडून वरणगावास पोचेपर्यंत त्यातील धावसंख्या शिळी झालेली असे. १९३४ साली बॉबी तल्यारखान यांनी नभोवाणीवरून क्रिकेटचे धावते वर्णन केले. तेव्हापासून मुंबईतही वार्ताहराची बातमी मागे पडू लागली. मग त्याने लिहावे काय? याचे उत्तर पंचरंगी सामन्यांच्या वादात मिळते. हिंदू, मुसलमान, पारशी, युरोपियन अशा जमातवार संघांच्या या सामन्यांस डिसेंबर १९४० मध्ये गांधीजींनी विरोध दर्शविला. ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे क्रीडासंपादक जे. सी. मैत्रा यांनीही, प्रेक्षकांनी मैदान ओसंडत असता, त्यांविरुद्ध लेखणी चालविली. १९४६ साली हे सामने बंद पडले. धावा कोणीही मोजील. खेळ कशासाठी, हे लोकप्रियतेची भीड न धरता विचारणे, हीच वार्ताहराची खरी कसोटी होय.