शाळेसाठी गायलेला दौरा : फिस्कच्या गायकवृंदाची वाटचाल (१८७१–१८७८)

शाळा-महाविद्यालयांच्या गायकवृंदांनी काही दिवसांच्या किंवा आठवड्यांच्या दौऱ्यावर निघावे, गावोगाव कार्यक्रम करावेत आणि संस्थेसाठी निधी व नावलौकिक घेऊन परतावे, ही प्रथा आज इतकी रुळली आहे की तिला स्वतःचा इतिहास आहे याकडे सहसा लक्ष जात नाही. अमेरिकेच्या टेनेसी राज्यातील नॅशव्हिल शहरातल्या फिस्क विद्यापीठाच्या नऊ तरुण गायक-गायिकांनी ६ ऑक्टोबर १८७१ रोजी सुरू केलेला दौरा हा या इतिहासातील सर्वांत महत्त्वाच्या प्रसंगांपैकी एक होय. एरवी अशा दौऱ्यात मार्ग, मुक्काम, खर्च, कार्यक्रमपत्रिका आणि मुलांची प्रकृती या व्यवस्थापनाच्या बाबी समजल्या जातात आणि संगीताच्या इतिहासात त्यांना फारसे स्थान मिळत नाही. फिस्कच्या बाबतीत मात्र नुकत्याच गुलामगिरीतून सुटलेल्या समाजाची मुले प्रवासाला निघाली असल्यामुळे कोठे उतरायचे, काय गायचे आणि किती काळ गात राहायचे यांतील प्रत्येक प्रश्न हा त्यांच्या स्वातंत्र्याचाच प्रश्न बनला.

फिस्कची शाळा जानेवारी १८६६ मध्ये, म्हणजे अमेरिकेतील यादवी युद्ध संपून आणि गुलामगिरी कायद्याने नष्ट होऊन वर्षही झाले नसताना, नॅशव्हिलमधील लष्करी रुग्णालयाच्या रिकाम्या लाकडी बराकींत सुरू झाली. गुलामगिरीला विरोध करणाऱ्या ख्रिस्ती मंडळींनी चालवलेल्या अमेरिकन मिशनरी असोसिएशन या संस्थेने तिच्यासाठी पुढाकार घेतला होता आणि जनरल क्लिंटन फिस्क यांच्या साहाय्यामुळे तिला त्यांचे नाव देण्यात आले. युद्धापूर्वी दक्षिणेतील अनेक राज्यांत गुलामांना लिहा-वाचायला शिकवणे हा गुन्हा होता. त्यामुळे शाळा उघडताच लहान मुलांबरोबर प्रौढ स्त्री-पुरुषही अक्षरे गिरवायला येऊ लागले. १८६७ मध्ये संस्थेला विद्यापीठाची सनद मिळाली, तरी तिची आर्थिक स्थिती बिकटच राहिली. बराकी कुजत चालल्या होत्या, कर्ज वाढत होते, अन्नाची आणि सरपणाची टंचाई होती, आणि याच टेनेसी राज्यात उगम पावलेल्या कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या दहशतवादी संघटनेचा कृष्णवर्णीयांच्या शाळांना सतत धाक होता. १८७१ पर्यंत शाळा बंद करण्याची भाषा उघडपणे होऊ लागली.

या शाळेचे खजिनदार जॉर्ज लिओनार्ड व्हाइट हेच तेथील संगीतशिक्षकही होते. न्यूयॉर्क राज्यातील एका लोहाराचे पुत्र असलेले आणि युद्धात उत्तरेच्या सैन्यातून लढलेले व्हाइट यांनी संगीताचे रीतसर उच्च शिक्षण घेतलेले नव्हते. परंतु आवाज पारखण्याची आणि अनेक आवाज एकजीव करण्याची त्यांची हातोटी असामान्य होती. अत्यंत हळू, तरीही सभागृहाच्या शेवटच्या रांगेपर्यंत स्पष्ट पोहोचेल असे गाणे, आणि समोर संचालक उभा नसताना सर्वांनी एकाच क्षणी स्वर उचलणे, या दोन गोष्टींवर त्यांनी सरावात विशेष भर दिला. त्यांच्या कामाला खरा आधार मिळाला तो एला शेपर्ड या विद्यार्थिनीचा. १८५१ मध्ये गुलामगिरीत जन्मलेल्या एलाला तिच्या वडिलांनी पैसे मोजून सोडवले होते. तिची आई मात्र मिसिसिपीला नेली गेली आणि दोघींची ताटातूट झाली. सिनसिनाटी शहरात पियानो शिकताना तिला मागच्या दाराने आणि रात्रीच्या वेळी शिक्षकाकडे जावे लागे, कारण आपण कृष्णवर्णीय मुलीला शिकवतो हे उघड होऊ नये अशी त्या शिक्षकाची अट होती. फिस्कमध्ये येऊन ती पुढे तेथील पहिली कृष्णवर्णीय शिक्षिका झाली, आणि गायकवृंदाची पियानोवादक, तालमी घेणारी व गाण्यांची स्वरयोजना करणारी म्हणून दौऱ्याचा निम्मा भार तिनेच उचलला.

गायनातून पैसा उभा करण्याची व्हाइट यांची योजना मिशनरी असोसिएशनला पटली नाही. सभ्य समाजात हा प्रकार भिकेचा समजला जाईल आणि नुकसान झाले तर ते भरून काढता येणार नाही, ही भीती अनाठायी नव्हती. पालकही मुलांना, विशेषतः मुलींना, परक्या मुलखात पाठवायला धजत नव्हते. व्हाइट यांनी घरोघरी समजूत घालून परवानग्या मिळवल्या, मुलींच्या देखरेखीसाठी मेरी वेल्स या शिक्षिकेला बरोबर घेतले, आणि शाळेच्या तिजोरीत जवळजवळ काहीच शिल्लक न ठेवता प्रवासखर्चाची रक्कम उचलली. एला शेपर्ड, मॅगी पोर्टर, मिनी टेट, जेनी जॅक्सन, एलायझा वॉकर, टॉमस रटलिंग, बेंजामिन होम्स, ग्रीन इव्हान्स आणि आयझॅक डिकरसन ही या वृंदातील नऊ नावे होत. त्यांपैकी बहुतेकांचे बालपण गुलामगिरीत गेले होते, आणि मिनी टेट तर जेमतेम चौदा वर्षांची होती.

मार्गाची निवड विचारपूर्वक झाली होती. नॅशव्हिलहून आगगाडीने उत्तरेकडे गेल्यावर लागणारे ओहायो हे राज्य गुलामगिरीपासून मुक्त राहिले होते, आणि दक्षिणेतून पळून येणाऱ्या गुलामांना लपवून कॅनडाच्या दिशेने पोहोचवणाऱ्या गुप्त जाळ्याचे, ज्याला भूमिगत रेल्वे म्हटले जाई, अनेक थांबे याच राज्यात होते. त्या काळी मदत करणारी कुटुंबे आणि चर्चमंडळे अजून तेथे नांदत होती. म्हणून कार्यक्रम प्रामुख्याने त्यांच्याच चर्चमध्ये ठरवावेत आणि तिकिटांपेक्षा श्रोत्यांच्या वर्गणीवर भिस्त ठेवावी, असे धोरण होते. सुरुवातीला पुढच्या गावी जाऊन जागा मिळवणे, पाद्रींना भेटणे, जाहिराती लावणे आणि परत येऊन कार्यक्रम पार पाडणे ही सारी कामे व्हाइट एकटेच करीत, आणि त्यांच्या गैरहजेरीत एला शेपर्ड तालीम घेई.

पहिले काही आठवडे या आराखड्याची कसोटी पाहणारे ठरले. सिनसिनाटीत पहिले कार्यक्रम होत असतानाच ८ ऑक्टोबरला शिकागो शहरात भीषण आग भडकली, आणि स्वतः कंगाल असलेल्या या वृंदाने आपले तुटपुंजे उत्पन्न आगग्रस्तांच्या निधीला देऊन टाकले. चिलिकोथी येथे दोन हॉटेलांनी त्यांना दारातूनच परत पाठवले; तिसऱ्या हॉटेलच्या मालकाने जागा दिली, पण इतर पाहुण्यांच्या आधी जेवण उरकून घेण्याच्या अटीवर. स्प्रिंगफील्डमध्ये श्रोते इतके थोडे आले की कार्यक्रम पुढे ढकलावा लागला, आणि त्याच गावी भरलेल्या पाद्रींच्या सभेपुढे गायल्यावर मात्र भरघोस वर्गणी जमली. अंगावर पुरेसे गरम कपडे नसताना उत्तरेकडची थंडी वाढत चालली होती. मुक्कामाची खात्री नसलेल्या प्रवासात आजचे उत्पन्न उद्याच्या गाडीभाड्यात जाई, आणि शाळेला पाठवण्यासाठी हाती काहीच उरत नसे.

कार्यक्रमपत्रिकेचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा होता. व्हाइट यांनी मुलांकडून प्रामुख्याने युरोपीय वळणाची वृंदगीते, भावगीते आणि चर्चमधील स्तोत्रे बसवून घेतली होती, कारण कृष्णवर्णीय विद्यार्थी अभिजात संगीतही समर्थपणे गाऊ शकतात हे दाखवणे त्यांना आवश्यक वाटत होते. त्याखेरीज मुलांजवळ गाण्यांचा आणखी एक ठेवा होता. गुलामांनी शेतांवर आणि रात्रीच्या गुप्त प्रार्थनासभांत रचलेली, बायबलमधील कथांच्या आडून सुटकेची आस व्यक्त करणारी ही भक्तिगीते पुढे स्पिरिच्युअल्स या नावाने जगभर ओळखली गेली. परंतु विद्यार्थ्यांच्या दृष्टीने ती आईबापांच्या यातनांशी आणि त्यांच्या पूजेशी निगडित होती, आणि परक्यांसमोर ती गाण्यास ते नाखूश होते. या संकोचाला एक बाह्य कारणही होते. त्या काळी अमेरिकेत मिन्स्ट्रेल शो नावाचा करमणुकीचा प्रकार अत्यंत लोकप्रिय होता. त्यात गोरे कलावंत चेहऱ्याला काळा रंग फासून कृष्णवर्णीयांच्या बोलण्या-गाण्याची टर उडवीत, आणि कृष्णवर्णीय गायक रंगमंचावर आले की श्रोते तशाच विदूषकीची अपेक्षा करीत. फिस्कच्या मुलांनी साध्या पोशाखात, स्थिर उभे राहून, चेष्टेला कोठेही वाव न देता गाण्याची जी शिस्त पाळली तिचा अर्थ या पार्श्वभूमीवर समजून घ्यावा लागतो.

कोलंबस शहरातील मुक्कामात व्हाइट यांनी वृंदाला ‘ज्युबिली सिंगर्स’ हे नाव दिले. बायबलच्या जुन्या करारात दर पन्नासाव्या वर्षी गुलामांची मुक्तता करण्याची जी आज्ञा आहे, तिचा संदर्भ त्यामागे होता. त्यानंतर नोव्हेंबर १८७१ मध्ये ओबर्लिन येथे काँग्रिगेशनल चर्चची, म्हणजे प्रत्येक स्थानिक मंडळाला स्वायत्तता देणाऱ्या प्रॉटेस्टंट पंथाची, राष्ट्रीय परिषद भरली असता वृंदाला तेथे गाण्याची संधी मिळाली. ओबर्लिनचे महाविद्यालय १८३५ पासून कृष्णवर्णीयांना प्रवेश देत आले होते, त्यामुळे श्रोते सहानुभूतीचे होते. तरीही स्पिरिच्युअल्सचे हळुवार सूर सुरू झाल्यावर जी शांतता पसरली तिने परिषदेचे लक्ष पूर्णपणे वेधले. डिसेंबरमध्ये हेन्री वॉर्ड बीचर या विख्यात धर्मोपदेशकाने ब्रुकलिनमधील आपल्या प्लिमथ चर्चमध्ये त्यांचे गायन करवले, स्वतः श्रोत्यांना वर्गणीचे आवाहन केले, आणि येथून दौऱ्याचे स्वरूप पालटले. कार्यक्रमपत्रिकेतील युरोपीय गीते मागे पडली आणि लपवून ठेवलेला ठेवाच मुख्य झाला.

वाढत्या मागणीबरोबर व्यवस्थाही सुधारली. मिशनरी असोसिएशनने आता जबाबदारी पत्करली आणि गुस्ताव्हस पाइक या आपल्या प्रतिनिधीला आगाऊ व्यवस्थेसाठी नेमले, त्यामुळे व्हाइट यांना गायनाकडे पूर्ण लक्ष देता आले. मार्च १८७२ मध्ये वृंद राष्ट्राध्यक्ष ग्रँट यांच्यासमोर गायला. पहिल्या मोहिमेअखेर सुमारे २०,००० डॉलर जमले, आणि त्याच वर्षी थिओडोर सेवर्ड यांनी लिहून काढलेल्या स्वरलिपीसह या गीतांचे पुस्तक प्रसिद्ध होऊन कार्यक्रमांच्या जागी विकले जाऊ लागले. जून १८७२ मध्ये बोस्टन येथे भरलेल्या जागतिक शांतता महोत्सवात एका गीताची पट्टी इतर गायकांना झेपेनाशी झाली, तेव्हा फिस्कच्या मुलांनी ते सहज पेलले, कारण वाद्यवृंद उंच पट्टी घेईल हे ओळखून व्हाइट यांनी त्यांची तयारी आधीच करून घेतली होती.

एप्रिल १८७३ मध्ये वृंद इंग्लंडला निघाला. अनेक जहाज-कंपन्यांनी त्यांना केबिनचे प्रवासी म्हणून घेण्यास नकार दिल्यावर ‘बटाव्हिया’ या जहाजावर जागा मिळाली. लंडनमध्ये समाजसुधारक लॉर्ड शाफ्ट्सबरी यांनी त्यांचा परिचय करून दिला, आणि मे महिन्यात ड्यूक ऑफ अर्गाइल यांच्या घरी राणी व्हिक्टोरियाने त्यांचे गाणे ऐकले. याच वर्षी पुण्यात जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि गुलामांच्या मुक्ततेसाठी झटणाऱ्या अमेरिकेतील लोकांना तो अर्पण केला. फुल्यांनी ज्या मुक्तीचा गौरव केला, तिचे पुढचे आणि अधिक अवघड पाऊल, म्हणजे मुक्त झालेल्यांच्या शिक्षणाची सोय, फिस्कची मुले त्याच सुमारास आपल्या कंठाच्या बळावर उभी करीत होती. जमलेल्या निधीतून युद्धकाळातील किल्ल्याची जागा विकत घेऊन तेथे उभारलेल्या ज्युबिली हॉल या भव्य इमारतीचे उद्घाटन १ जानेवारी १८७६ रोजी झाले. दुसऱ्या युरोपीय दौऱ्यात (१८७५–१८७८) वृंद हॉलंड आणि जर्मनीपर्यंत पोहोचला, आणि सर्व दौरे मिळून संस्थेला सुमारे दीड लाख डॉलर प्राप्त झाले.

या यशाची किंमत कोणी मोजली, हे सांगितल्याशिवाय हा इतिहास पूर्ण होत नाही. जवळजवळ रोजचे गायन, रात्री-अपरात्रीचे प्रवास आणि विश्रांतीचा अभाव यांमुळे मिनी टेटचा आवाज बिघडला, बेंजामिन होम्स क्षयाने १८७५ मध्ये वारला, व्हाइट यांच्या पत्नी लॉरा १८७४ मध्ये स्कॉटलंडमध्ये विषमज्वराने दगावल्या, आणि स्वतः व्हाइट यांची प्रकृतीही ढासळली. पहिल्या दौऱ्यात मुलांना मानधन नव्हते. पुढे वार्षिक वेतन ठरले, तरी ज्या शिक्षणासाठी त्यांनी पैसा उभा केला ते त्यांच्यापैकी बहुतेकांना स्वतः पुरे करता आले नाही. थकवा आणि मतभेद वाढत जाऊन १८७८ मध्ये हॅम्बुर्ग येथे हा वृंद विसर्जित झाला.

त्यांनी घालून दिलेला पायंडा मात्र टिकला. व्हर्जिनियातील हॅम्प्टन संस्थेने १८७३ मध्येच आपला गायकवृंद दौऱ्यावर काढून वसतिगृहासाठी निधी जमवला, आणि दक्षिणेतील इतर संस्थांनीही तोच मार्ग धरला. फिस्कच्या वृंदात पूर्वी गायलेले फ्रेडरिक लाउडिन यांनी स्वतंत्र मंडळी उभी करून १८८४ ते १८९० या काळात केलेल्या जगप्रवासात ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि भारतातही कार्यक्रम केले. फिस्कमध्ये दरवर्षी ६ ऑक्टोबरला आजही या पहिल्या प्रस्थानाचे स्मरण केले जाते आणि विद्यार्थ्यांचा वृंद अजून दौऱ्यावर जातो.

विद्यार्थ्यांचा संगीतदौरा आखणाऱ्या कोणत्याही संस्थेने या इतिहासातून दोन गोष्टी जाणून घ्याव्यात. पहिली अशी की, दौऱ्याचे यश नामांकित सभागृहांपेक्षा मार्गावरील माणसांवर, दार उघडणाऱ्या घरांवर आणि मुलांना स्वतःचे म्हणून गाता येईल अशा गाण्यावर अवलंबून असते. दुसरी अशी की, मुलांच्या गळ्यातून उभारलेला निधी त्यांच्या प्रकृतीला आणि अभ्यासाला पारखा होता कामा नये. फिस्कच्या पहिल्या पिढीने शाळा वाचवली, पण तिला स्वतःला वाचवण्याची व्यवस्था कोणी वेळेत केली नाही, आणि तिच्या पराक्रमाइतकीच ही उणीवही स्मरणात ठेवण्याजोगी आहे.