प्रिंटलाइन आधी बघ

सिंगापूरच्या सेरंगून रोडवर 1935 चा जुलै चालू आहे. रेसकोर्स दोन वर्षांपूर्वीच इथून हललं, पण बाजूच्या रेसकोर्स रोडचं नाव तेच राहिलंय. गोठ्यांचा वास आहे, वीरमाकाळीच्या देवळातली घंटा आहे, आणि तुझ्या हातात 'तमिळ मुरसू' नावाचं नवं साप्ताहिक आहे. तुला तमिळ वाचता येत नाही. तरी तुझी नजर सवयीने शेवटच्या पानाच्या तळाशी जाते. ही बाबांची शिकवण. ते मराठी दैनिकात रात्रपाळीचे उपसंपादक होते. सकाळी पेपर आला की म्हणायचे, "प्रिंटलाइन आधी बघ. मुद्रक कोण, प्रकाशक कोण. बातमी कुठे पळून जात नाही."

तर हा पेपर कोणाचा? तमिळ सुधारणा संघाचा. समाजसुधारक पेरियार 1929 च्या अखेरीस मलायात येऊन गेले, त्या वाऱ्यावर 1932 मध्ये संघ उभा राहिला. पेपर चालवणारे गो. सारंगपाणी हे तिरुवारूरहून ऐन तारुण्यात इथे आलेले. लवकरच ते पेपर स्वतःच्या अंगावर घेतील. जात, कर्मकांड, मजुरांची व्यसनं यांवर ते लेखणी चालवतात. पुढे घरात चिनी बायको, पोरं, आणि बापाचा धंदा वर्तमानपत्राचा. त्या घरात जेवताना काय बोलणं होत असेल ते तुला वेगळं सांगायला नको.

निःपक्ष म्हणायचं का याला? छे! आपल्याकडे कृष्णराव भालेकरांचा 'दीनबंधू' 1877 मध्ये निघाला, टिळक-आगरकरांचा 'केसरी' 1881 मध्ये. दोघांनी आपली बाजू कधी झाकली नाही. जुन्या पेपरांच्या निःपक्षपणाचे गोडवे गाणाऱ्यांनी ते अंक उघडून पाहावेत. वाचकाला पेपर कुठे उभा आहे ते कळायचं, आणि त्या हिशेबाने तो बातमीतलं मीठ कमीजास्त करून घ्यायचा.

पुढे सरक. फेब्रुवारी 1942. सिंगापूर जपान्यांच्या हाती पडून आठवडाही झालेला नाही. 'स्ट्रेट्स टाइम्स'च्या जागी 'स्योनान टाइम्स' आलाय, वर्ष छापलंय जपानी, 2602, घड्याळं टोकियोची. इथे प्रिंटलाइन बघायचीही गरज नाही.

1950 नंतरच्या दशकात जरा रेंगाळ, कारण इथे 'मुरसू' ऐन भरात आहे. सारंगपाणी तमिळ सण सुरू करतात, विद्यार्थ्यांसाठी पानं काढतात, आणि 1957 मध्ये नागरिकत्वाचा कायदा आल्यावर नोंदणी करा म्हणून लोकांच्या मागे लागतात. ज्यांचा एक पाय अजून गावाकडे आहे, त्या मजुरांना हा पेपर सांगतो की आता घर इथे. मग 1963 मध्ये त्याच पेपरचे कामगार संपावर जातात आणि अंक काही काळ बंद पडतो. सुधारकाच्या छापखान्यातही मालक हा मालकच असतो!

मार्च 1974. सारंगपाणी गेले. पेपर मुलांकडे आला. त्याच वर्षी संसदेने वर्तमानपत्रं आणि छापखान्यांचा कायदा केला. तो नीट वाच, बाबा इथे असते तर पेन्सिल घेऊन बसले असते. वर्तमानपत्राच्या कंपनीचे दोन प्रकारचे शेअर. साध्या शेअरला एक मत. 'मॅनेजमेंट शेअर'ला, संचालक किंवा कर्मचारी नेमायचा वा काढायचा प्रश्न आला की, दोनशे मतं. आणि हे शेअर सरकारची मान्यता असलेल्यांकडेच जाणार. संपादकाला दटावायची गरज उरत नाही, कारण त्याच्या खुर्चीचा निकाल आधीच लागलेला असतो.

इथून झपाझप ये. 1995 मध्ये मुलांनी चालवलेला 'मुरसू' सिंगापूर प्रेस होल्डिंग्जकडे गेला. 2021 मध्ये त्या समूहाचा वर्तमानपत्रांचा संसार वेगळ्या ना-नफा संस्थेकडे गेला. वर्षाला 18 कोटी सिंगापूर डॉलरपर्यंत सरकारी मदत 2022 मध्ये जाहीर झाली. मग 2023 मध्ये कळलं की खपाचे आकडे काही काळ फुगवलेले होते.

आता तू सेरंगूनमधल्या तुझ्या बाराव्या मजल्यावर आहेस, बाबा फोनवर, आणि तू त्यांना हे सगळं जरा चढ्या आवाजात सांगतेयस. कायद्याचा तो दोनशे मतांचा मुद्दा आला की ते थांबवतात.

"आणि आमचं? महाराष्ट्रातली 2009 ची विधानसभा निवडणूक आठवते? पत्रकार पी. साईनाथांनी दाखवून दिलं, मुख्यमंत्र्यांची स्तुती करणारा तोच मजकूर एकमेकांच्या स्पर्धक तीन दैनिकांत, शब्दन् शब्द तसाच. जाहिरात म्हणून नाही, बातमी म्हणून. प्रिंटलाइन तिन्हीकडे वेगवेगळी होती बघ."

"मग प्रिंटलाइन बघून काय उपयोग, बाबा?"

"पैसे कोणी दिले ते त्यात छापत नाहीत. तुमच्याकडे निदान कायद्यात लिहिलंय. आमच्याकडे ते दर निवडणुकीला शोधावं लागतं."

"म्हणजे आमचं बरं, असं म्हणताय?"

"मी कुठे म्हटलं बरं? उद्या तुझा तो 'मुरसू' एखाद्या तमिळ शेजारणीकडून वाचून घे. मजुरांच्या डॉर्मिटरीची बातमी असेल, तर मजूर काय म्हणाला ते त्यात आहे का बघ, की नुसतं मंत्रालय काय म्हणालं तेवढंच. आणि मला सांग."