शिक्का शेवटी वाचावा

जुन्या बाजारात शिकारी सुरा दोनच काळांतला असतो: शिवकालीन, नाही तर ‘इंग्रजाचा’. विकणाऱ्याला त्यात दोष देता येत नाही. कुलपं, पितळी नळ, ग्रामोफोनचे भोंगे आणि सुरे त्याच्याकडे एकाच पोत्यातून येतात. “काका, सत्तावनच्या बंडातला आहे, हातात तर घ्या,” असं म्हणून त्याने माझ्या हातात दिला तो म्हशीच्या शिंगाच्या मुठीचा, आठ इंची पात्याचा सुरा. मुठीला लागून पात्यावर बारीक इंग्रजी अक्षरं होती: ए अँड एन सी. एस. एल.

आर्मी अँड नेव्ही को-ऑपरेटिव्ह सोसायटी लिमिटेड. लष्करी अधिकाऱ्यांसाठी १८७१ साली लंडनमध्ये निघालेलं हे भांडार. १८९१ मध्ये ते मुंबईत आलं. काळा घोड्याजवळची त्याची इमारत अजून त्याच नावाने ओळखली जाते. १९३४ मध्ये ‘को-ऑपरेटिव्ह सोसायटी’ जाऊन नावात ‘स्टोअर्स’ आलं. म्हणजे सत्तावनचं बंड तिथेच संपलं. सुरा १८७१ च्या अलीकडचा आणि १९३४ च्या फार पुढचा नाही. पण ही त्रेसष्ट वर्षं झाली, आणि शिक्का आहे दुकानदाराचा. सुरा घडवला कुणी, हे त्यातून कळत नाही.

माझी नोकरी टूलरूममध्ये गेली, त्यामुळे माझी नजर आधी नावाकडे जातच नाही. मी रिव्हेट बघतो, स्क्रूची खाच बघतो, पात्याच्या पाठीवर सराणीचे ओरखडे कुठल्या दिशेने गेलेत ते बघतो. मग म्यान. म्यानाला दाबून लावायचं बटण असेल, तर त्या बटणाचं पेटंट जर्मनीत १८८५ मध्ये निघालं हे लक्षात ठेवायचं. अर्थात म्यान नंतर शिवलेलं असू शकतं, म्हणून सुरा त्यात नीट बसतो का आणि आतल्या चामड्यावर याच पात्याचा गंज उतरलाय का, तेही तपासायचं. पातं स्टेनलेस असेल तर प्रश्नच नाही: हॅरी ब्रिअर्लीने शेफिल्डमध्ये ते पोलाद १९१३ मध्ये ओतलं. लोहचुंबक लावून मात्र काही कळत नाही, कारण सुऱ्यांचं स्टेनलेसही चुंबकाला चिकटतं. आणि पातं साध्या पोलादाचं, काळपट पडलेलं असेल, तर तो जुनेपणाचा पुरावा नव्हे. साधं पोलाद पुढेही चालूच राहिलं.

या धंद्यातले बहुतेक पुरावे असेच एकतर्फी असतात. ते ‘याच्या आधीचा नाही’ एवढंच सांगतात. ‘याच्या नंतरचा नाही’ असं सांगणारा विरळा. म्हणून सुऱ्याचं वय त्याच्या सगळ्यांत तरुण भागावरून धरावं, आणि तो भाग मागाहून बसवलेला आहे असं दिसलं तरच त्याला सूट द्यावी. लिलावाच्या कॅटलॉगात नेमकं उलटं करतात: सगळ्यांत म्हातारा भाग शोधून किंमत लावतात.

शेफिल्डच्या शिक्क्यांची गंमत अशी की ते खरे असूनही फसवतात. तिथला कटलर्सचा संघ १६२४ चा, प्रत्येकाचं चिन्ह नोंदलेलं. जोसेफ रॉजर्सचा तारा आणि माल्टिज क्रूस, वोस्टेनहोमचं आय एक्स एल ही चिन्हं पिढ्यान्‌पिढ्या चालली, त्यामुळे चिन्हाच्या नोंदीचं साल सुऱ्याला चिकटवणं निरर्थक. त्यापेक्षा मुकुटाशेजारची अक्षरं कामाची. व्ही. आर. म्हणजे व्हिक्टोरिया, १८३७ ते १९०१. डब्ल्यू. आर. म्हणजे चौथा विल्यम, जेमतेम सात वर्षं. जी. आर. दिसलं की सावध व्हावं, कारण चौथा जॉर्ज १८३० मध्ये गेला आणि पाचवा १९१० मध्ये गादीवर आला. ऐंशी वर्षांची तफावत, अक्षरं तीच. अमेरिकेने १८९० च्या जकात कायद्याने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं, म्हणून ‘इंग्लंड’ हा शब्द बहुधा १८९१ नंतरचा. मुठीला चांदीचं कडं असेल तर नशीबच: शेफिल्डच्या जुन्या चांदीवर मुकुट, बर्मिंगहॅमच्या चांदीवर नांगर, आणि शेजारी दरवर्षी बदलणारं एक अक्षर. त्यावरून कड्याचं साल नेमकं कळतं. कड्याचं, सुऱ्याचं नव्हे.

जुन्या इंग्रजी पात्यांवर ‘कास्ट स्टील’ असाही शिक्का असतो. तो दिसला की मला जोसाया मार्शल हीथ आठवतो. मद्रासकडचा हा ईस्ट इंडिया कंपनीचा नोकर सालेमच्या खनिजाने झपाटला आणि १८३० च्या सुमारास त्याने पोर्टो नोव्होला लोखंडाचा कारखाना काढला. १८३९ मध्ये अशा कास्ट स्टीलमध्ये मँगेनीजच्या संयुगाचा अंश घालण्याची कृती त्याने इंग्लंडमध्ये पेटंट केली. शेफिल्डवाल्यांनी त्या संयुगाचे घटक मुशीत वेगवेगळे टाकून पेटंटला बगल दिली. कज्जे चालू असतानाच, १८५१ मध्ये, हीथ वारला. हाउस ऑफ लॉर्ड्सचा निकाल १८५५ मध्ये त्याच्या बाजूच्या विरुद्ध गेला. इकडे खुद्द सालेममध्ये अरुणाचलम्‌ नावाचा कारागीर साहेबांसाठी शिकारी सुरे घडवत होता आणि त्याचं नाव शेफिल्डइतक्याच विश्वासाने घेतलं जाई.

आपल्याकडे त्या तोलाचं नाव औरंगाबादच्या बोदराजचं. डुकराच्या शिकारीचे भाले आणि सुरे ही त्याची ख्याती. गिऱ्हाईक म्हणजे छावणीतले हैदराबाद कंटिंजंट या फौजेचे अधिकारी. पात्यावर रोमन लिपीत नाव आणि गाव, बस. इथे शेफिल्डसारखी संघाची वही नाही, राजाचं अक्षर नाही, चांदीवरचं साल नाही. अशा वेळी हाताची घडणच वाचावी लागते: पाठ किती जाड ठेवली, टोकाकडे ती कशी उतरवली, मुठीत पोलाद शेवटपर्यंत नेलं की मध्येच थांबवलं. गावच्या लोहाराचा सुरा असेल तर हे काम सोपं. कानस ठोकून केलेल्या पात्यावर तिच्या दातांच्या रेषा कुठेतरी उरतातच, आणि मोटारीच्या पाट्यापासून केलेलं पातं मोटारीच्या आधीचं कसं असेल!

हे सगळं पुसून टाकणारं यंत्र म्हणजे बफ. गिऱ्हाइकाला चकाकी हवी म्हणून विक्रेते पातं बफवर धरतात आणि शंभर वर्षं टिकलेली अक्षरं पाच मिनिटांत उडतात. मी गंजलेलाच मागतो, स्वस्तही पडतो. सांबरशिंगाची किंवा हस्तिदंती मूठ मात्र कितीही आवडली तरी खाली ठेवतो, कारण वन्यजीव कायद्याने त्यांची खरेदी-विक्री बंद आहे. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याला शस्त्रनियम लागू होतात, म्हणून खिशात टेप असते.

माझ्याकडच्या बोदराज सुऱ्याला चिठ्ठी बांधलेली आहे. तीवर एक साल नाही, पट्टा आहे: १८६० ते १९०३. अलीकडची बाजू कंटिंजंट भारतीय सैन्यात विलीन झाल्याच्या वर्षाची. सैन्य गेलं म्हणून कारागिराने हत्यार खाली ठेवलंच असेल असं नाही, म्हणून १९०३ पेन्सिलीने लिहिलंय.