रामासीआना
प्रवाशांना गाठून मारणाऱ्या ठगांच्या ‘रामासी’ या सांकेतिक बोलीचा इंग्रजी कोश. कर्ता ब्रिटिश अधिकारी विल्यम हेन्री स्लीमन (१७८८–१८५६). प्रकाशन कलकत्ता, १८३६. स्लीमनची ठगविरोधी मोहीम मुख्यतः जबलपुरातून चालली. माफीचे साक्षीदार झालेल्या ठगांच्या जबान्या हाच कोशाचा आधार. प्रवाशाला गोड बोलून नादी लावणारा तो सोठा, रुमालाने गळा आवळणारा भुर्टोट, खड्डा खणणारा लुघा. खुनाचा इशारा म्हणजे झिरनी. तो बहुधा तंबाखू मागण्यासारख्या साध्या वाक्यातून दिला जाई. कुदळीची पूजा, शकुन, भवानीचा कौल यांचीही माहिती ग्रंथात येते.

या माहितीवरून स्लीमनने ठगांना कालीभक्तांचा देशव्यापी गुप्त पंथ ठरवले. ते फारसे पटत नाही. शकुन पाहणे, देवीला नवस बोलणे हे त्या काळी शेतकरी आणि शिपाईही करत. शिवाय जबान्या फाशी टाळू पाहणाऱ्यांच्या होत्या. किम वॅग्नर यांच्यासारखे अलीकडचे अभ्यासक ठगीची मुळे लष्करी बेकारी, जमीनदारांचा आश्रय आणि स्थानिक लुटारूपणात शोधतात. १८३६च्या कायद्याने मात्र ठगांच्या टोळीत असणे एवढ्यावरच जन्मठेप देता येऊ लागली. साक्षीदार ठगांना जबलपूरच्या उद्योगशाळेत गालिचे विणायला आणि तंबू बनवायला बसवले गेले.