जैवकृत्रिम यकृत
यकृत निकामी झालेल्या रुग्णाला प्रत्यारोपण होईपर्यंत किंवा स्वतःचे यकृत सावरेपर्यंत शरीराबाहेरून आधार देणारे, जिवंत यकृतपेशी असलेले उपकरण. नुसत्या गाळणीने काही विषारी द्रव्ये निघतात. अमोनियाचे यूरियात रूपांतर मात्र पेशींनाच जमते. त्यासाठी रुग्णाचा रक्तद्रव पोकळ तंतूंमधून फिरवतात. पेशी तंतूंबाहेर असतात. डुकराच्या पेशी वापरणाऱ्या ‘हेपॅटअसिस्ट’च्या १७१ रुग्णांवरील चाचणीत (२००४) ३० दिवसांनी ७१% रुग्ण जिवंत होते, तुलनागटात ६२%, हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर टिकला नाही. ‘ईलॅड’ या दुसऱ्या उपकरणातील ‘सी३ए’ पेशी मानवी यकृताच्या कर्करोगातून मिळवलेल्या. त्या वाढतात भरपूर, पण यूरिया जेमतेम बनवतात. म्हणजे मुख्य कामातच उणे. मद्यजन्य यकृतदाहाच्या रुग्णांवरील ‘ईलॅड’ची मोठी चाचणी २०१८ मध्ये अपयशी ठरली. निरोगी मानवी यकृतपेशी शरीराबाहेर लवकर गुणधर्म गमावतात, म्हणून मूलपेशींपासून यकृतपेशी घडवण्याचे प्रयत्न चालू आहेत.